दिसलं नाही तर पुन्हा वर

घाटकोपर-कुर्ल्याला ज्यांची लेक किंवा बहीण नांदते, त्यांना विमानं नवीन नाहीत. पूर्वेकडून उतरणारी विमानं तिथल्या पत्र्यांवरून इतकी खाली जातात की चाकं मोजता येतात. पावसाळ्यात एखादं विमान खाली येता येता एकदम मोठा आवाज करत परत वर चढतं. मग पोरंबाळं ओरडतात, बायका दारात येतात. काय झालं असेल? आज त्याबद्दलच बोलू या.

14 सप्टेंबर 2023. विशाखापट्टणमहून एक छोटं विमान मुंबईला आलं. आत सहा प्रवासी आणि दोन वैमानिक. संध्याकाळचे पाच वाजले होते. सूर्य मावळायला दीड तास बाकी होता, पण पाऊस असा की जेमतेम 700 मीटरपर्यंतचं दिसत होतं. उतरताना विमान धावपट्टी सोडून बाजूला गेलं, मोडलं, त्याला आग लागली. आठही जण जखमी झाले, पण वाचले. धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली. मोठमोठी विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवली.

700 मीटर म्हणजे आपल्याला पुष्कळ वाटतं. शाळेपासून चावडीपर्यंतचं अंतर. पण असं विमान उतरताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. त्या वेगाला 700 मीटर अकरा सेकंदांत संपतात. तेवढ्यात दिवे ओळखायचे, वाऱ्याने विमान बाजूला ढकललं असेल तर सरळ करायचं आणि चाकं टेकवायची.

मग पावसात उतरतात तरी कसे? आमचा आवाज तुमच्यापर्यंत जसा लहरींवरून येतो, तशाच रेडिओच्या लहरी धावपट्टीजवळून सोडलेल्या असतात. त्या धरून वैमानिक ढगांतून खाली येतो. पण एका ठरावीक उंचीला, बऱ्याच ठिकाणी जमिनीपासून सुमारे 200 फुटांवर, त्याला धावपट्टी किंवा तिचे दिवे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावेच लागतात. नाही दिसले तर उतरायचं नाही. इंजिनाचा जोर वाढवायचा, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं.

आणि जे दिसलं ते तेच आहे ना, हेही बघावं लागतं. 24 सप्टेंबर 1972 च्या सकाळी एक मोठं जपानी विमान सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या लहान पट्टीवर उतरलं! पट्टी पुरली नाही, विमान पुढे घसरत गेलं. नशिबाने कुणी दगावलं नाही.

घाटकोपरच्या बायकांना मात्र 28 जून 2018 ची पावसाळी दुपार आठवते. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान बांधकाम चाललेल्या इमारतीजवळ कोसळलं. विमानातले चौघं गेले. त्यांत सहवैमानिक आणि इंजिनीअर या दोघी बायका होत्या. रस्त्याने जाणारा एक माणूसही गेला. कामगार जेवायला गेले होते म्हणून बाकीचे वाचले. हा अपघात धावपट्टीवरचा नव्हे, पण तेव्हापासून आवाज बदलला की तिथल्या बायका वर बघतात.

परत वर जायचा निर्णय सोपा नसतो. इंधन जळतं, उशीर होतो. छोट्या भाड्याच्या विमानात तर पैसे देणारा माणूस पाठीमागेच बसलेला असतो. आपल्याकडे ओढ्याच्या फरशीवर पाणी आलं की एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवतो. तेव्हा "अहो, घाला की, गुडघाभर तर आहे" म्हणणारे आपल्यातलेच असतात. खरं सांगायचं तर आम्हीही म्हटलेलं आहे.

तेव्हा पुढच्या पावसात लेकीकडे असाल आणि विमान डोक्यावरून परत वर गेलं, तर नातवंडांना सांगा, काही झालेलं नाही. त्याला पट्टी दिसली नसेल. येईल थोड्या वेळाने.