पोते आणि उकिरडा
(नेवासा येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज येताना मी युरियाचे एक रिकामे पोते आणले आहे. त्यावर काय छापले आहे ते आता तुम्हाला वाचता येते. वजन ४५ किलो. नत्र ४६ टक्के. पूर्वी हे आकडे दुकानदार वाचायचा आणि आपण मान डोलवायचो.

४६ टक्के म्हणजे शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र. या हिशेबाने एका पोत्यात जवळजवळ २१ किलो नत्र झाले. आता आपला उकिरडा पाहा. त्यावर आकडा छापलेला नसतो. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात सुमारे ५ किलो नत्र असते. म्हणजे एका पोत्याची बरोबरी करायला चार टन खत वाहावे लागेल.

मग कोणी म्हणेल, एवढी दगदग कशाला? पोतेच बरे! हिशेब नुसत्या नत्राचा असता, तर मीही तेच म्हटले असते.

पण आपली काळी जमीन कशी आहे ते तुम्ही जाणता. भिजली की चिखल, वाळली की भेगा. मुळा धरणाचे पाणी कालव्याने आले, ऊस आला, मका आला. पाणी वाढले तशी जमीन दबू लागली. शेणखत घातले की ढेकूळ ठिसूळ होते. पाणी मुरते, हवा खेळते, गांडुळे येतात. हे काम युरिया करीत नाही. तो पिकाला जेवू घालतो, जमिनीचे अंथरूण-पांघरूण करीत नाही. शेतातला पाला, ताटे, पाचट सगळे बाहेर गेले आणि वर्षानुवर्षे नुसते पोतेच आत आले, तर जमिनीतला कुजका अंश कमी होत जातो.

इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचे शेतीसंशोधनाचे ठिकाण आहे. तिथे १८५२ पासून एका तुकड्याला वीस वर्षे शेणखत दिले आणि मग बंद केले. शंभर वर्षांनंतरही त्या तुकड्याची माती शेजारच्या बिनखताच्या मातीपेक्षा सकस निघाली. आजोबाने खत घातले, ते पणतूला लाभले!

तर मग पोते फेकून द्यावे काय? तसेही नाही. मधुमका हे खादाड पीक आहे. तीन महिन्यांच्या आत त्याचे सगळे आटोपते. गुडघाभर झाल्यापासून तुरा येईपर्यंत त्याची भूक भारी असते. शेणखत सावकाश देते, त्याला घाई ठाऊक नाही. नत्र कमी पडले की खालची पाने शेंड्याकडून, मधल्या शिरेने पिवळी पडत येतात. कणीस बारीक राहते, टोकाला दाणे भरत नाहीत.

म्हणून दोन्ही द्यावे. मक्याला हेक्टरी १० ते १२ टन शेणखत, १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश, अशी आपल्याकडची नेहमीची शिफारस आहे. एकराला नत्र होते ४८ किलो. म्हणजे युरियाची सव्वादोन पोती आणि वर थोडा. दुसऱ्या मिश्रखतातूनही नत्र जात असेल, तर तेवढा युरिया कमी करायचा. शेजाऱ्याने चार पोती टाकली म्हणून आपण चार टाकायची नाहीत.

युरिया एकदम देऊ नये. पेरताना थोडा, महिन्याने थोडा, दीड महिन्याने राहिलेला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो उघडा पडला तर त्याचा वायू होऊन उडून जातो. नाकाला झोंबतो ना वास? तो आपलाच पैसा उडत असतो. मातीआड करा, मग पाणी द्या.

जास्त युरियाचे आणखी एक भय आहे. पाऊस ओढला, मका सुकू लागला, तर ताटात नायट्रेट साठते. असली ताटे पोटभर खाल्ली तर जनावर दगावू शकते. दावणीचे जनावर गेले, तर कणसाचे पैसे कशाला पुरणार?

काही जण सांगतात, शेणखताचे कणीस गोड लागते. मला हे पुरते पटलेले नाही. गोडी मुख्यतः वाणात असते आणि तोडणीच्या वेळेत असते. कणसाचे केस तपकिरी होऊन वाळले, नखाने दाणा दाबला आणि दूध आले, की सकाळच्या गारव्यात तोडावे. तोडल्यावर दाण्यातली साखर कमी होऊ लागते, म्हणून माल लगेच बाजारात न्यावा.

कणसे गेली, ताटे हिरवी राहिली. ती कापून गोठ्यात टाका. शेण खड्ड्यात जाऊ द्या. शेणाच्या गोवऱ्या थापल्या की तेवढे खत चुलीत गेले. पण घरात दुसरे जळण नसेल तर बाईने काय करावे? मी तिला बोल लावणार नाही. जिथे गॅस आला आहे, तिथे तरी शेण वाचवावे. कच्चे शेण मात्र शेतात नको, त्याबरोबर हुमणी येते. खड्ड्यात ओल ठेवा, पुरते कुजू द्या.

पुढच्या वर्गाला येताना घरातले एक रिकामे खताचे पोते घेऊन या. काहींवर एक आकडा असेल, काहींवर १०:२६:२६ असे तीन असतील. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. आपापल्या एकराचा हिशेब आपण पाटीवर मांडू.