चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर



बालसाहित्याच्या संमेलनात अध्यक्षाने वाचनसंस्कृती आणि मोबाइल यांवर बोलायचा प्रघात आहे. मी आजचा सगळा वेळ एका माणसासाठी मागते. घरी बसून, दोन-तीन प्रकाशकांची कामं एकदम सांभाळत मुलांची पुस्तकं रंगवणारा फ्रीलान्स चित्रकार. संहिता पक्की झाली की आपण त्याला फोन करतो आणि ‘चित्रं काढून द्या’ म्हणतो. अजून वाचता न येणारं मूल पुस्तक वाचतं ते त्याच्या चित्रांतून. म्हणून तो त्या पुस्तकाचा दुसरा लेखक आहे, आणि त्याला तसंच वागवलं पाहिजे.

मी एका चित्रपुस्तकाचं संपादन करत होते. पावसामुळे घरात अडकलेल्या मुलीची गोष्ट. चित्रकार तरुणीने आधी प्रश्नच विचारले: घर कौलारू की पत्र्याचं? आजोबा धोतर नेसतात की लेंगा घालतात? मग कच्ची रेखाटनं आली. पहिल्या जोडपानावर गळक्या कौलांखाली एक तांब्या. पुढच्या पानावर तांब्या काठोकाठ, शेजारी परात. मग घमेलं, मग बादली, आणि शेवटी पलंगावर पाय वर घेऊन बसलेली मुलगी. संहितेत कुठेही गळतीचा उल्लेख नव्हता. ‘पाऊस काही थांबेना’ ही ओळ लेखिकेने स्वतःच्या हाताने खोडली. भांडी भरताना दिसत होती, तिथे ओळीचं काम उरलं नव्हतं. एका जोडपानावर मुलीचा चेहरा नेमका मधल्या शिवणीत जात होता, तर चित्रकाराने तिला डावीकडे सरकवलं आणि उजवं पान पावसाला दिलं.

हे घडलं, कारण वेळ दिला होता. चोवीस पानांचा आराखडा पेन्सिलीत असतो तोवर काहीही बदलता येतं. रंगकाम झाल्यावर ‘फ्रॉक निळा करा ना’ म्हटलं, की मुलगी असलेलं प्रत्येक पान पुन्हा हातात घ्यावं लागतं. लेखकांना माझी विनंती आहे, कच्ची रेखाटनं मन लावून पाहा, तिथे भांडा, पण प्रत्येक पानावर काय काढायचं याची यादी देऊ नका.

माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही काढतात. त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकमेकांना जागा देतात, कारण दोन्ही एकाच मनातून आलेली असतात. बाकीच्यांना हे संवादातूनच साधावं लागतं. आणि मराठी वाचक चित्रकाराला ओळखत नाही, असं कोणी सांगू नये. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ सही न बघता ओळखणारी घरं आपल्याकडे होती.

आता पैशांचं आणि कायद्याचं. प्रतिलिप्यधिकार कायदा १९५७ चा. त्याच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. म्हणजे तोंडी व्यवहारात चित्रकाराचा हक्क हातातून निसटू शकतो. हक्क करारानेच दिले, तर १९ वं कलम सांगतं की करार लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ५७ वं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: हक्क विकल्यावरही आपलं नाव सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड करून आपली प्रतिष्ठा डागाळली तर दाद मागण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट वाचता येतात, त्यांत बदलही करता येतात, पण चित्रकाराचं नाव काढून टाकता येत नाही. पुस्तक फुकट देणाऱ्यांना जे जमतं, ते विकणाऱ्यांना का जमू नये?

कराराचा दोन पानी मसुदा मी सोबत आणला आहे. एक तृतीयांश रक्कम सही करताना, एक तृतीयांश रेखाटनं मंजूर झाल्यावर, उरलेली अंतिम चित्रं हाती आल्यावर. बदलांच्या फेऱ्या किती, ते आधीच ठरवायचं. पुस्तक मध्येच बंद पडलं तर झालेल्या कामाचे पैसे. पुनर्मुद्रणाला रॉयल्टी, आणि ती लेखकाच्या वाट्याइतकी. याच कलमावर वाद होणार हे मला ठाऊक आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. मूळ चित्रं चित्रकाराला परत. नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्याच टाइपात.

दुपारच्या सत्रात हा मसुदा चर्चेला ठेवते आहे. प्रकाशकांनी आपले आक्षेप लेखी आणावेत. आणि सभागृहात जे चित्रकार मागच्या रांगांत बसले आहेत, त्यांनी त्या वेळी पुढे येऊन बसावं. तुमच्या कराराची चर्चा तुमच्याशिवाय सुरू करणार नाही.