न दचकवणारे सूर



मकरसंक्रांतीला जयपूर गच्चीवर राहतं. जुन्या शहरात, परकोट्याच्या आत, घरं एकमेकांना खेटून आहेत. सकाळपासून तिथे पतंग, तिळाचे लाडू आणि ‘वो काटा’च्या आरोळ्या. बहुतेक गच्च्यांवर स्पीकर असतो आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. ज्यांना हे सोसतं त्यांच्यासाठी वर्षातला हा फार सुंदर दिवस. पण त्याच घरांमध्ये काही मुलं आणि काही मोठी माणसंही हा दिवस दारं-खिडक्या लावून, कानांवर हात दाबून काढतात. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर अशा मुलांचं जे होतं, तेच तिथे १४ जानेवारीला होतं.

स्वमग्न असलेल्या अनेकांना आवाज असा खुपतो. २०१३ साली ऑटिझमच्या निदानाचे निकष नव्याने लिहिले गेले, तेव्हा संवेदनांना फार तीव्र किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे लक्षण त्यांत घेतलं गेलं. अर्धशिशीच्या रुग्णांना, डोक्याला मार लागलेल्यांनाही हा त्रास होतो. कुकरची शिटी, मिक्सर, फटाका. आपण क्षणभर दचकतो आणि विसरतो. त्यांच्या अंगात तो आवाज बराच वेळ राहतो. अशा मुलाला हट्टी म्हणणं, ‘सवय होईल’ म्हणून वरातीत ओढत नेणं हा अन्याय आहे. हे मी फार जपून न बोलता सरळ सांगते.

मग शांतता द्यावी, झालं? तेवढ्याने भागत नाही. गोंगाटात कान झाकणं योग्यच, पण दिवसभर कान झाकून ठेवले तर ते आणखी हळवे होतात, असं कानांचे तज्ज्ञ बजावतात. म्हणून उपचारात अगदी मंद, अखंड, एकसारखा आवाज सोबतीला देतात. आवाज असावा, पण त्याने दचकवू नये.

संगीतही असं असू शकतं. पश्चिमेत अशा संगीताला ॲम्बिअंट हे नाव रूढ झालं ते ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारामुळे. १९७५ साली अपघातानंतर तो अंथरुणाला खिळला होता. मैत्रिणीने आणलेली हार्पच्या संगीताची तबकडी सुरू झाली, पण आवाज फार बारीक राहिला आणि उठून तो वाढवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. पडल्या पडल्या तसंच ऐकताना त्याला संगीत खोलीतल्या उजेडासारखं, पावसाच्या आवाजासारखं जाणवलं. १९७८ मध्ये त्याने विमानतळांसाठी म्हणून जी तबकडी काढली, तिच्यामागे हाही अनुभव होता.

पण जयपूरच्या माणसाला हे शोधायला लंडनला जायला नको. महाराजा रामसिंह दुसरे यांच्या दरबारात कलावंतांसाठी गुणीजनखाना हे स्वतंत्र खातं होतं. तिथे बीनकार रजब अली खाँ होते, ध्रुपदिये बहराम खाँ डागर होते. या डागर घराण्याचा एक वारस आपल्या महाराष्ट्रात आला: उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर. जन्म १९२९, उदयपूरचा. ते चेंबूरला राहिले आणि पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी गुरुकुल उभं केलं.

ते रुद्रवीणा, म्हणजेच बीन, वाजवत. तिच्यात त्यांनी जे बदल केले, ते मला या विषयासाठी फार मोलाचे वाटतात. भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि बोटातली नखी काढून टाकली. नखीने तार छेडली की सुरुवातीला एक टोकदार ‘टण्ण’ येतं, आणि हळव्या कानाला सगळ्यात आधी तेच टोचतं. नुसत्या बोटाने छेडलेल्या जाड तारेचा सूर खोलातून उगवतो आणि बराच वेळ विरत राहतो. आलाप मंद्र सप्तकात सुरू होतो. ठेका नाही, घाई नाही. पुढचा सूर कुठून येणार याची चाहूल आधीच्या सुरातच लागते.

एक मात्र पाळावं. आलाप पुढे जोड-झाल्याकडे जातो, लय चढते, मग पखवाज येतो. मैफलीत तो आनंदाचा भाग, पण इथे त्याआधीच थांबावं.

तानपुराही असाच. मिरजेच्या सतारमेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या वाद्याच्या रुंद घोडीवर तार किंचित टेकत, सुटत कंप पावते आणि एका तारेतून अनेक वरचे स्वर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. चार तारा एकमेकींत मिसळत राहतात, मध्ये पोकळी पडत नाही. पण काही कानांना जवारीची, म्हणजे तारेच्या या टेकण्या-सुटण्याची, झणझणच बोचते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा काढून टाकावा, सूर बोथट होतो. गवयाला तो चालणार नाही, त्या मुलाला चालेल.

घरात लावायचं असेल तर आवाज इतका लहान ठेवा की त्यावर कुजबुज ऐकू येईल. आवाजाची कळ ऐकणाऱ्याच्याच हातात द्या. बंद करता येतो हे कळलं की निम्मी भीती जाते. ‘शांत संगीत’ अशा नावावर विसंबू नका. त्यात मध्येच शंख वाजतो, पक्षी किंचाळतो. फोनवर तर आलापाच्या मधोमध जाहिरात आदळते, म्हणून आधी पूर्ण ऐकून, उतरवून ठेवलेलंच वापरा. मूल उठून गेलं तर जाऊ द्या.

इतकं तपस्येचं संगीत असं कोपऱ्यात मंद लावणं हा अवमान नाही का, असं कुणी विचारेल. मला तसं वाटत नाही. एरवी आवाजापासून पळणारं मूल बीनेपाशी आपणहून बसतं, तेव्हा ते भक्तिभावाने ऐकणाऱ्या रसिकाइतकंच ऐकत असतं.

कायदाही या मुलांच्या बाजूने आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला सर्वसाधारणपणे बंदी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. तेव्हा शेजाऱ्याला स्पीकर कमी करायला सांगताना ओशाळायचं कारण नाही.

आणि एक मागणी आकाशवाणीकडे. बीनवादनाची ध्वनिमुद्रणं आकाशवाणीने केलेली आहेत. संक्रांतीच्या दिवशी जयपूर केंद्रावरून आणि अनंत चतुर्दशीला मुंबई-पुण्याच्या केंद्रांवरून दुपारी एक तास फक्त आलाप लावावा. आवाजाची पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, मध्ये जाहिरात नाही, वेळेचा टोल नाही, निवेदन सुरुवातीला एकदाच. वेळ आठ दिवस आधी जाहीर करावी, म्हणजे घरातल्यांना मुलाला आधीच सांगून ठेवता येईल.