पहिल्या महायुद्धाचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाची कारणे विचारली, की बहुतेक उत्तरे साराजेव्होच्या खुनापाशीच थांबतात. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे खरे. पण ते निमित्त. एका खुनापायी सारा युरोप का पेटावा? गुण मिळतात ते इथे, आणि जातातही इथेच.

तेव्हा सनावळी घोकण्याआधी कोऱ्या कागदावर साखळी मांडून बघा. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. सर्बियाच्या पाठीशी रशिया. म्हणून १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध. रशियाचा दोस्त फ्रान्स. ३ तारखेला त्याच्यावर. वाटेत तटस्थ बेल्जियम. तिथे जर्मन फौजा शिरल्या नि ४ तारखेला इंग्लंड उतरले. प्रत्येक पायरीवर ‘का?’ विचारा, म्हणजे गुप्त करार, आरमाराची चढाओढ, बाल्कनमधला राष्ट्रवाद आपोआप उत्तरात येतात. इंग्लंडबरोबर हिंदुस्थानही ओढला गेला, न विचारता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या. हे पुष्कळजण लिहीतच नाहीत.

व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ला. तारीख ओळखीची वाटते ना? तहातले २३१वे कलम मात्र नीट वाचा. युद्धाची जबाबदारी त्यात जर्मनी नि तिच्या साथीदारांवर टाकली आहे. हिटलरवरचा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो.