चौदा आणे तयार



माझी भाची नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची आई अडीच-तीन महिने अंथरुणाला खिळून होती, म्हणून शाळेतल्या पालकसभेला मी गेले. बाईंनी प्रगतिपुस्तक हातात दिलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "वयाच्या मानानं फार मॅच्युअर आहे हो तुमची मुलगी." मलाही बरं वाटलं. परतताना ती माझं बोट धरून चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मावशी, आईच्या गोळ्या दोनच उरल्यात. दुकान बंद व्हायच्या आत घेऊ या." तेव्हापासून तो शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. बाईंना मराठीत नेमकं काय म्हणायचं होतं?

मॅच्युअर हा शब्द लॅटिनमधल्या 'मातुरुस'वरून आला. मातुरुस म्हणजे पिकलेला, वेळेवर आलेला. दुसऱ्या शतकातल्या औलुस गेलिअस या रोमन लेखकानं या शब्दाच्या क्रियाविशेषणावर एक टिपण लिहून ठेवलं आहे. लोक तो 'चटकन, घाईनं' अशा अर्थानं वापरू लागले, याचं त्याला वाईट वाटतं. खरा अर्थ फार लवकर नाही आणि फार उशिराही नाही, असा आहे, हे तो सांगतो आणि दाखला देतो फळाचा. कच्चं, कडक नाही. गळून पडलेलं, उतरलेलंही नाही. आपल्या वेळेला तयार झालेलं.

आपल्याकडे 'पोक्त' आहे. हा फारसीतून आला. तिथं 'पुख्ता' म्हणजे शिजलेला, पिकलेला. संस्कृतातला पक्व, आपला पक्का आणि रोजचं पिकणं हे सगळे त्याचेच भाऊबंद. इंग्रजीतला 'कुक'ही लांबून त्याच कुळातला. वयाआधी समज आलेल्या मुलाला इंग्रजीत 'प्रिकोशस' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ आधीच शिजलेला, आधीच पिकलेला असा आहे. म्हणजे माणसाचं मोठं होणं एवढ्या साऱ्या भाषांनी चुलीवर आणि झाडावर पाहिलं. आजी एखाद्या मुलीला "पोक्तासारखी बोलते" म्हणायची, तेव्हा तिच्या आवाजात कौतुक असे आणि काळजीही. मॅच्युअर म्हणताना ती काळजी कुठे गेली, हे मला कळत नाही.

प्रौढ म्हटलं की रात्रीचे साक्षरता वर्ग आठवतात, प्रगल्भ हे विचाराला किंवा लेखणीला शोभतं. मुरलेला म्हटला की त्यात लोणच्याचा खार आला, बरीच वर्षं एकाच बरणीत काढलेली आली. मुलगी वयात आली की काही घरांत "शहाणी झाली" म्हणतात. एका दिवसात शहाणी, आणि त्याच दिवसापासून तिच्या खेळण्यावर बंदी.

सरकारी कागदावरचा शब्द तर थक्क करतो. सातबाऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावाशी 'अ.पा.क.' असा शेरा दिसतो. अज्ञान पालनकर्ता. वडील गेले, जमीन मुलांच्या नावे झाली, की मूल 'अज्ञान' आणि आई त्याची पालनकर्ता. 1875 च्या कायद्याप्रमाणे वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की तेच मूल 'सज्ञान' होतं. मग वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार नोंदवला जातो आणि शेरा निघतो. शब्द कठोर आहे, पण त्यात एक मोठी माया आहे असं मला वाटतं. या मुलाला अजून कळायचं नाही, तोवर त्याचं ओझं दुसऱ्या कुणीतरी वाहायचं, हे त्या तीन अक्षरांत लिहून ठेवलेलं आहे.

सर्वांत नेमका शब्द मला कोकणात मिळाला. हापूसचे बागायतदार आंबा पिकला की काढत नाहीत, 'तयार' झाला की काढतात. चौदा आणे तयार. फळ अजून हिरवंच असतं, पण देठाजवळ खांदे वर आलेले असतात, तिथं खळगा पडलेला असतो. असा आंबा पाण्यात टाकला तर बुडतो. कोवळा असला तर तरंगतो. झेल्यानं देठासकट अलगद उतरवायचा आणि गवताच्या आढीत ठेवायचा. उरलेले दोन आणे तिथं भरून निघतात. कोवळा काढून कार्बाइडवर टाकला तर वरून पिवळाधमक दिसतो, आत आंबट आणि पांढुरकाच राहतो. म्हणून तयार आणि पिकलेला हे दोन वेगळे शब्द बागेत कुणीही एकमेकांच्या जागी वापरत नाही.

भाचीची आई आता हिंडती-फिरती झाली आहे. या मे महिन्यात आम्ही सगळे गावी गेलो होतो. आढी माडीवर घातली होती. भाची दिवसातून दहा वेळा जिना चढून जायची, गवत उचकटायची, एकेक आंबा अंगठ्यानं दाबून बघायची. चौथ्या दिवशी खालून माझी आई ओरडली, "अगो, दाबू नको त्यांना! डाग पडतो." भाची फिदीफिदी हसत खाली पळाली, केसांत गवताच्या काड्या, आणि हातात लपवलेला एक आंबा, अजून हिरवाच.