ढगाआडचं विमान



विमान अपघाताची बातमी घरोघरी पोचते. टळलेल्या अपघाताची मात्र बातमी होत नाही. ढगातून बाहेर पडावं आणि समोर अचानक दुसरं विमान दिसावं, वैमानिकाने जीव खाऊन आपलं विमान वळवावं आणि दोन्ही विमानं सुखरूप उतरावीत, असं जगभर घडत असतं. वैमानिकांच्या भाषेत हा 'एअरप्रॉक्स'. जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं आणि विषय संपवायचा, अशी बहुतेकांची रीत. हा विषय असा संपू नये, एवढंच मला आज सांगायचं आहे आणि तेही दोन-चार आसनांच्या लहान विमानांबद्दल.

मोठ्या प्रवासी विमानात समोरच्या विमानाची सूचना देणारी 'टीकॅस' यंत्रणा असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्या देशात प्रवासी विमानांना ती सक्तीची झाली. लहान विमानांवर अशी सक्ती नाही. तिथे मुख्य भिस्त असते वैमानिकाच्या डोळ्यांवर. बघा आणि टाळा, हा तिथला मूळ नियम.

आता हे डोळे किती पुरे पडतात, त्याचा हिशेब करू. समजा, दोन शिकाऊ विमानं प्रत्येकी ताशी १८५ किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. म्हणजे त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे शंभर मीटरने कमी होतं. दुसरं विमान नजरेला पडणं, ते विमान आहे हे उमगणं, धोका ओळखणं, निर्णय घेणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला अमेरिकी हवाई प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार साडेबारा सेकंद लागतात. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने ढगापासून आडवं १,५०० मीटर अंतर राखावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ढगातून अचानक कुणी समोर आलं, तर या दीड किलोमीटरमुळे हाती जेमतेम पंधरा सेकंद येतात. वैमानिक ढगाला पाचशे मीटरपर्यंत भिडला, तर उरतात पाच. नियमातलं अंतर किती काटेकोर आहे, ते यावरून कळावं.

डोळ्यांची आणखी एक अडचण आहे. ज्या विमानाशी आपली टक्कर होणार असते, ते सरळ मार्गाने येत असेल तर काचेवर जागचं हलत नाही. काचेवरच्या डागासारखं ते एकाच ठिकाणी दिसतं. बराच वेळ बारीक राहतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत भराभर मोठं होतं. आपली नजर हलत्या वस्तूकडे चटकन वळते, स्थिर ठिपक्याकडे वळत नाही. तो ठिपका खिडकीच्या खांबाआड असेल, तर मान पुढे-मागे केल्याशिवाय दिसतच नाही. त्यात मागे पांढरा ढग आणि विमानही पांढरं.

शिवाय ढग विमानांना एकमेकांजवळ आणतात. एरवी पूर्वेकडे जाणाऱ्याने साडेतीन किंवा साडेपाच हजार फुटांवर, पश्चिमेकडे जाणाऱ्याने साडेचार हजारांवर उडावं, अशी वाटणी असते. ढगांचं छत अडीच हजारांवर आलं की ही वाटणी मोडते. सगळे त्या छताखालच्या एकाच थरात येतात.

उपकरणांच्या आधारे ढगातून उडणारेही यातून सुटत नाहीत. १९ फेब्रुवारी २०२० ची गोष्ट. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या उत्तरेला मँगलोर नावाचं गाव आहे. तिथे सकाळी दोन लहान दुइंजिनी विमानं प्रशिक्षणासाठी उडत होती, एक वर चढत होतं, दुसरं खाली उतरत होतं. प्रत्येकात दोन वैमानिक. नियंत्रकाने दोघांनाही एकमेकांची माहिती दिली होती. त्या भागात अंतर राखण्याची जबाबदारी मात्र वैमानिकांचीच होती. सुमारे ४,१०० फुटांवर टक्कर झाली आणि चौघेही गेले. तिथल्या परिवहन सुरक्षा संस्थेने चौकशीत म्हटलं, की विमानं बहुधा ढगात असावीत. पण आकाश निरभ्र असतं तरी त्यांनी एकमेकांना वेळेत पाहिलं असण्याची शक्यता कमीच होती. आणि दोन्ही विमानांत एकमेकांशी थेट बोलणं झालं नव्हतं.

यावर आज उपाय आहे. उपग्रहांवरून कळलेलं आपलं स्थान सतत प्रसारित करणारी आणि इतरांचं पडद्यावर दाखवणारी 'एडीएस-बी' उपकरणं लहान विमानांतही बसतात. ती बसवावीतच. पण त्याआधी लागतं ते बोलणं. "विमानतळाच्या दक्षिणेला दहा मैल, साडेतीन हजार फूट, उत्तरेकडे येत आहे," एवढं एक वाक्य रेडिओवर वेळेत म्हटलं आणि समोरच्याकडून उत्तर मिळवलं, तर ढगाआडचं विमान कानांनी दिसतं.

उतरल्यावरही बोलायला हवं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे ढगांतून उतरणारं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ती माहिती इतरांपर्यंत पोचली नाही. या धड्यातून अमेरिकेत १९७६ साली नासाकडे एक व्यवस्था सोपवण्यात आली. वैमानिकाने घडलेलं लिहून पाठवायचं, नासाने नाव-गाव काढून टाकायचं आणि त्यातला धडा सर्वांना कळवायचा. आजवर तिथे दहा लाखांहून अधिक अहवाल आले आहेत. ब्रिटनमध्ये असे प्रसंग तपासणारं स्वतंत्र एअरप्रॉक्स मंडळ आहे. तेही दोष कुणाच्या माथी मारत नाही, कारण शोधतं.

आपल्याकडे गोंदिया, धुळे, बारामती, नागपूर इथे मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी कित्येक घरांनी कर्ज काढलेलं असतं. अशा मुलाला किंवा मुलीला ढगाजवळ दुसरं विमान अगदी शेजारून गेल्याचं सांगावंसं वाटलं, तर आधी मनात येतं, उद्या आपलं उड्डाण तर थांबवणार नाहीत ना?

ही भीती काढणं प्रशिक्षकांच्या हातात आहे. खरं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी द्या आणि त्याचा अनुभव दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांपुढे ठेवा. पालकांनो, "ढग होते म्हणून आज उडालो नाही," असं मूल फोनवर म्हणालं तर वाया गेलेल्या दिवसाचा हिशेब मांडू नका. आणि तरुण वैमानिकांनो, आकाशात आपला ठावठिकाणा सांगा, जमिनीवर आल्यावर घडलेलं सांगा. तुम्ही थोडक्यात वाचलात, हे कळल्यामुळे दुसरं कुणीतरी वाचणार आहे.