पायऱ्या दाखव
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



या पटांगणात उभं राहून बोलायचं म्हटलं की अजूनही घशाला कोरड पडते. शेवटचा इथे बोललो तो पंधरा ऑगस्टला, आणि तेव्हाही अर्ध्यात विसरलो होतो. संयोजक मित्र म्हणाला, "तू विमानाला क्षेपणास्त्रं जोडतोस म्हणे. त्यावर बोल, पण आम्हाला कळेल असं." मी दोन अटी घातल्या. माझ्या रोजच्या कामातलं काही सांगणार नाही, सरकारने जाहीर केलेलं आणि वर्तमानपत्रात आलेलं तेवढंच सांगेन. दुसरं, माझी एक चूक सांगेन. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

आधी सोपी गोष्ट. देवगावात कुणालाही विचारा, ट्रॅक्टर एकाचा आणि ट्रॉली दुसऱ्याची असली की भांडण कशावरून होतं? मधल्या पिनवरून. पिन कुणी आणायची, किती जाडीची, ती तुटली तर भरपाई कुणाची? आणि ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा? त्याची वायर ट्रॅक्टरमधून यायची असते, म्हणून ट्रॉलीवाला बघत नाही. दिवा ट्रॉलीवर असतो, म्हणून ट्रॅक्टरवाला बघत नाही. रात्री रस्त्यावर अंधारात ट्रॉली उभी राहते आणि मागून मोटरसायकलवाला येऊन आदळतो. ट्रॅक्टर चांगला, ट्रॉली चांगली, तरी माणूस जातो.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे त्या पिनची आणि त्या दिव्याची जबाबदारी घेणं. दोन चांगल्या वस्तूंच्या मध्ये जे असतं ते कागदावर लिहायचं, कोण काय देणार ते ठरवायचं आणि प्रत्येक वाक्य तपासून बघायचं.

आता आपल्या जवळचंच मोठं उदाहरण घेऊ. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. 1964 साली तो मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-30 एमकेआय विमानं बांधली गेली. या सुखोईला ब्रह्मोस क्षेपणास्त्र लावायचं ठरलं. ब्रह्मोस भारत आणि रशियाने मिळून केलेलं, नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून. 2001 साली त्याची पहिली चाचणी झाली. वेग आवाजाच्या 2.8 पट. पण ते जन्मलं जमिनीसाठी आणि जहाजासाठी. सुखोई बनवणाऱ्यांनी ब्रह्मोस मनात धरलं नव्हतं आणि ब्रह्मोसवाल्यांनी सुरुवातीला सुखोई. म्हणजे ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची.

पहिला सांधा वजनाचा. विमानासाठी ब्रह्मोस हलकं केलं, तरी ते अडीच टनांचं राहिलं. अडीच टन म्हणजे पंचवीस क्विंटल मका, एका पोत्यात, विमानाच्या पोटाखाली टांगलेला. सुखोईवर लावलेलं हे सगळ्यात जड शस्त्र. त्यासाठी विमानाच्या अंगात बदल करावे लागले. आणि हा मका वैमानिक एका क्षणात सोडून देतो. एवढा भार अचानक सुटल्यावर विमानाने कसं वागायचं, सुटलेल्या क्षेपणास्त्राने विमानाला न घासता खाली कसं जायचं, हे आधीच मांडावं लागतं. ते आधी नुसतं खाली पडतं, मग त्याचं इंजिन पेटतं. पोटाखालीच पेटलं तर काय होईल, हे सांगायला नको.

दुसरा सांधा विजेचा आणि संगणकाचा. क्षेपणास्त्राला वीज विमान देणार, लक्ष्याची माहिती विमान देणार, आणि "मी तयार आहे" हे क्षेपणास्त्र सांगणार. दोघांची भाषा एक हवी. हवाई दलाने जाहीर केलं होतं, की विमानाच्या सॉफ्टवेअरचं काम त्यांच्याच अभियंत्यांनी केलं आणि यांत्रिक व विजेचे बदल हिंदुस्तान एरोनॉटिक्सने. म्हणजे मध्ये अजून एक सांधा, माणसांचा.

तिसरा सांधा मला सगळ्यात आवडतो. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना डोळे बांधून गोल फिरवायचे, आठवतं? सोडलं की आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेच कळायचं नाही. क्षेपणास्त्राच्या आत दिशा आणि वेग मोजणारी उपकरणं असतात, पण सुरुवात कुठून आणि कोणत्या तोंडाने, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. जमिनीवर ते उभं असतं, निवांत सांगता येतं. इथे सांगणारं विमान स्वतःच वळतंय, हादरतंय, वेगात आहे. त्या स्थितीत विमानाने आपलं मोजमाप क्षेपणास्त्राच्या हाती अचूक द्यायचं. सुरुवातीला बारीकशी चूक झाली तर शेवटाला ती खूप मोठी होते. हे काम अवघड होतं, असं त्या वेळच्या सरकारी पत्रकातही म्हटलं होतं.

तारखा ऐका. 25 जून 2016 ला ओझरहून सुखोई पोटाखाली ब्रह्मोस घेऊन पहिल्यांदा उडालं. फक्त उडालं आणि उतरलं, सोडलं नाही. पहिल्यांदा सोडलं 22 नोव्हेंबर 2017 ला, बंगालच्या उपसागरातल्या लक्ष्यावर. मध्ये सतरा महिने. जमिनीवरच्या लक्ष्यावर 22 मे 2019 ला. आणि तंजावरला या विमानांची 222 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली 20 जानेवारी 2020 ला. टीव्हीवर आपण दहा सेकंदांचा धूर बघतो. त्याच्या मागे ही साडेतीन वर्षं आहेत, आणि 2016 च्या आधीची आणखी काही.

या वर्षांत काय करतात? आपले गणिताचे सर आठवा. उत्तर बरोबर आलं तरी सर अर्धे गुण कापायचे आणि वहीवर लिहायचे, "पायऱ्या दाखव." तेव्हा राग यायचा. आमच्या धंद्यात हेच आहे. प्रत्येक मागणी वाक्यात लिहायची. "पुरेसं मजबूत", "लवकर" असे शब्द चालत नाहीत, आकडा लागतो. आणि वाक्य लिहितानाच ते तपासणार कसं, हेही लिहायचं. धडा शिकवायच्या आधी प्रश्नपत्रिका काढून ठेवण्यासारखं. नंतर काढली तर जेवढं शिकवलं तेवढंच विचारायचा मोह होतो.

हे मी शिकलो कसं, ते आता सांगतो.

डिप्लोमा झाल्यावर मी वाळूजला एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. तिथे एका प्रेसला नवीन कंट्रोल पॅनल बसवायचं होतं. पॅनल एकाने बनवलेलं, लाल बटणाची पेटी दुसऱ्याने. पॅनलवाल्याने धरलं होतं की बटण दाबलं की करंट तुटेल. पेटीवाल्याने उलटं केलं होतं, दाबलं की करंट चालू. दोघांची ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर. जोडल्यावर प्रेस सुरूच होईना. संध्याकाळ झाली होती, मालक ओरडत होते. मी वायरचा वीतभर तुकडा घेतला आणि दोन टोकं थेट जोडली. प्रेस सुरू झाला. सकाळी नीट करू म्हटलं, आणि बस पकडून गावाकडे आलो. कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

रात्रपाळीच्या हेल्परचा हात आत अडकला. त्याने दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. प्रेस थांबला नाही. दोन बोटं गेली.

तो मुलगा माझ्याच वयाचा होता. दवाखान्यात मी त्याच्या पाया पडलो. त्याने शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "तू पॅनलवर चिठ्ठी चिकटवली असती तर मी वाचली असती. मला वाचता येतं." आज त्याचं किराणा दुकान आहे. दिवाळीला मी जातो, चहा पितो, आणि दर वेळी त्याच्या हाताकडे बघणं टाळतो.

पॅनलवाला बरोबर होता, पेटीवाला बरोबर होता. मध्ये मी होतो.

हे फक्त लहान वर्कशॉपमध्ये होतं असं समजू नका. 9 मार्च 2022 ला आपलं एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. सुखोईशी त्याचा संबंध नव्हता. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चौकशीत निघालं की ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, आणि ऑगस्टमध्ये तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. ती बातमी वाचली त्या रात्री मला तो वीतभर वायरचा तुकडा दिसत होता.

काल रात्री मराठीच्या बाईंना भेटायला गेलो. बाई आता थकल्यात, पण प्रश्न तसेच विचारतात. म्हणाल्या, "लेकरा, एवढं शिकलास, पण हे सगळं शेवटी माणसं मारायलाच ना?" मी गप्प बसलो. आज इथे, त्यांच्यासमोर उत्तर देतो. बाई, हो. ते शस्त्र आहे, दुसरं काही म्हणून मी त्याला सजवणार नाही. ते वापरायचं की नाही, हे देश ठरवतो, मी नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की सांगितलं तिथेच ते जावं आणि सांगितलं नाही तेव्हा जागचं हलू नये. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, आणि मी जास्त वेळ त्यावरच घालवतो. तुमच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही, हे मला कळतं.

शेवटी एक विनंती. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर वर्षातून दोन शनिवार मी शाळेत येईन. क्षेपणास्त्रावर बोलणार नाही. नववीच्या मुलांना घेऊन गावातला एक ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली उभी करू, आणि दोघांच्या मध्ये काय काय आहे त्याची यादी कागदावर लिहू. पिन, वायर, दिवा, आणि प्रत्येकापुढे एकेकाचं नाव. सर, ती वही तुम्ही तपासा. अर्धे गुण कापले तरी चालतील.